लहान लेकरांच्या घरात थेरपी डॉग : विदर्भातल्या खेड्यात हे कितपत जमेल?

धामकाठची_ताई

नमस्कार मंडळी. आम्ही वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. कपाशी-तुरीची कोरडवाहू शेती, एकत्र कुटुंब आणि दोन लेकरे. मोठा मुलगा सहा वर्षांचा असून त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. धाकटी तीन वर्षांची आहे आणि दिवसभर तिचा धुडगूस चालू असतो. मुलगा अंगणवाडीत असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला आले होते. त्यांनी आम्हाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले आणि तिथून पुढे निदान झाले. सध्या वाचा उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणून करून घेतलेला सराव) यांसाठी दर आठवड्याला शहरात जातो, बाकीचे दिवस सांगितलेला सराव घरीच करून घेतो.

दिवाळीत नणंदेकडे पुण्याला गेलो असताना तिथल्या एका केंद्रात थेरपी डॉग, म्हणजे उपचाराच्या वेळी मुलांना सोबत करणारा प्रशिक्षित कुत्रा, आणि त्याला हाताळणाऱ्या बाई आल्या होत्या. आमच्या ज्या मुलाला कोणी हात धरलेला चालत नाही, तो त्या कुत्र्याच्या कानामागच्या केसांत बोट फिरवत बराच वेळ बसला आणि कुत्रा उठू लागताच स्पष्टपणे “थांब” म्हणाला. तेव्हापासून आमच्या ह्यांनी मनावर घेतले आहे की असा कुत्रा घरी आणायचाच. नागपुरातील एक विक्रेता लॅब्राडोरचे दोन महिन्यांचे पिल्लू ‘थेरपी डॉग’ म्हणून द्यायला तयार आहे, पण त्याने सांगितलेल्या किमतीत आमचे एका हंगामाचे बियाणे येते. सासूबाईंचे म्हणणे असे की कुत्रा वावरात राखणीला ठीक, चुलीपाशी नको. मला स्वतःला काळजी आहे ती धाकटीची, कारण ती मांजराच्या शेपटीलाही सोडत नाही.

ज्यांच्या घरी लहान लेकरे आणि कुत्रा दोन्ही आहेत, किंवा ज्यांचा या विषयाशी कामाचा संबंध आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. कौतुकापेक्षा अडचणी आधी सांगितल्या तरी चालेल.

गुरांचा_डॉक्टर

ताई, पिल्लाचा सौदा आधी थांबवा, बाकीचे नंतर बोलू. दोन महिन्यांचे कोणतेही पिल्लू थेरपी डॉग नसते आणि जो तसे सांगून विकतो तो तुमच्या अडचणीचा भाव लावत असतो. या कामासाठी बहुतेक संस्था कुत्रा किमान एक वर्षाचा झाल्याशिवाय त्याची परीक्षाच घेत नाहीत, कारण तोवर त्याचा स्वभाव पक्का झालेला नसतो. परीक्षेत काय पाहतात, तर अनोळखी माणसाने वेडावाकडा हात फिरवला, मागे एखादे पातेले आदळले, चाकाची खुर्ची अगदी जवळून गेली किंवा समोर खाण्याचा तुकडा पडला, तर कुत्रा किती लवकर सावरतो. दचकणे चालते, न सावरणे चालत नाही.

पुण्यात तुम्ही जे पाहिले त्यात अर्धे काम त्या बाईंचे होते. कुत्रा कंटाळला, थकला, त्याला नको झाले, हे ओळखून त्याला बाजूला नेणारे माणूस शेजारी असते म्हणूनच त्याला अनोळखी मुलांमध्ये सोडता येते, आणि तरीही एका वेळचे काम साधारण तासाभराच्या आतच संपवतात. घरातल्या कुत्र्याला सुट्टी नसते. तो तुमच्याकडे चोवीस तास राहणार, धाकटीच्या तावडीतही राहणार आणि त्याच्या बाजूने बोलणारे माणूस तुम्हाला घरातूनच नेमावे लागेल.

लॅब्राडोरबद्दलही विचार करा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही आणि तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की पारा ४५ च्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. कुत्र्याचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात होऊन तो दगावू शकतो. ज्या घरी माणसांनाच कुलर पुरत नाही तिथे हा प्राणी आणणे मला पटत नाही. मला विचाराल तर स्वभावाने शांत, अंगावर केस कमी असलेला, वाढलेला गावठी कुत्रा आपल्या हवेला कितीतरी बरा.

वाचा_उपचार_नागपूर

डॉक्टरांच्या मताशी सहमत आहे. माझ्या बाजूने थोडी पार्श्वभूमी सांगतो.

उपचारात कुत्र्याचा पद्धतशीर विचार प्रथम मांडला तो बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञाने. त्याच्याकडे आलेला एक अबोल मुलगा त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळू लागला आणि त्या खेळातून डॉक्टरशीही त्याचा संवाद सुरू झाला. लेव्हिन्सनने यावर १९६२ मध्ये लेख लिहिला आणि कुत्र्याला सहउपचारक म्हटले. तेव्हा अनेकांनी त्याची थट्टा केली होती. यातला ‘सह’ महत्त्वाचा आहे, कारण उपचार लेव्हिन्सनच करत होता. कुत्र्यामुळे मूल खोलीत टिकत होते.

आज अभ्यास काय सांगतात? कुत्रा सोबत असताना ऑटिझम असलेली काही मुले जास्त बोलतात, समोरच्या माणसाकडे जास्त पाहतात, असे काही ठिकाणी आढळले आहे. मात्र बरेचसे अभ्यास थोड्याच मुलांवर झाले आहेत, आणि केंद्रात दिसलेला बदल घरी किती टिकतो याचे उत्तर त्यांतून नीट मिळत नाही. त्यामुळे कुत्रा आला म्हणून आठवड्याची थेरपी बंद करण्याचा विचार कोणी मांडला, तर त्याला तिथेच अडवा.

“थांब” हा शब्द का आला, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. माणूस बोलतो तेव्हा चेहरा, डोळे, आवाज, हातवारे असे बरेच काही एकाच वेळी मुलावर येऊन आदळते. कुत्र्याचे वागणे त्यामानाने सरळ असते, आणि मुलाच्या शब्दाचा परिणाम लगेच दिसतो : “ये” म्हटले की येतो, “बस” म्हटले की बसतो. एका अक्षराच्या किंवा दोन अक्षरांच्या शब्दाला इतके चोख फळ देणारे दुसरे कोणी मुलाच्या आयुष्यात क्वचितच असते. आपण मोठी माणसे तर त्याने तोंड उघडण्याआधीच पाण्याचा पेला हातात देतो. घरी कुत्रा असेल तर ही संधी दिवसातून अनेकदा मिळते. ती कशी वापरायची हे तुमच्या थेरपिस्टबरोबर बसून ठरवता येईल.

पऱ्हाटीवाला

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. आमची मुलगी तोतरे बोलते, आता तिसरीत आहे. तिच्या पाठीवरचा मुलगा चार वर्षांचा आहे. आमचा भुऱ्या गावठीच आहे. तो बंडीमागे (बैलगाडीमागे) चालत वावरातून घरी आला आणि राहिला. त्याला कोणी थेरपी डॉग म्हणणार नाही, पण या धाग्यावर लिहिण्यासारखे एवढे आहे की मुलगी रोज संध्याकाळी छपरीत बसून त्याला धडा वाचून दाखवते. शाळेत वाचताना तिच्या खांद्यांना ताठरपणा येतो, मान पुढे जाते आणि पहिल्या अक्षरावर ती अडून बसते. भुऱ्यापुढे तीच मुलगी अडली तर त्याच्या पाठीवर हात ठेवून थांबते, श्वास घेते आणि पुन्हा वाक्याच्या सुरुवातीपासून वाचते. तिला घाई करणारे तिथे कोणी नसते. आमच्या वाचा उपचारकांनीच ही कल्पना दिली. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलांनी कुत्र्यांना पुस्तके वाचून दाखवण्याचा उपक्रम चालतो, असे त्यांनी सांगितले होते. तोतरेपणा गेला का, तर नाही. पण तिने वाचणे सोडले नाही, आणि आम्हाला सध्या तेवढे पुरेसे आहे.

आता ताईंनी मागितलेल्या अडचणींबद्दल. कपाशीच्या पट्ट्यात सर्वांत मोठी अडचण फवारणीची आहे. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, त्यामुळे माणसांच्या बाबतीत लोक आता थोडे जपतात, पण कुत्र्याचा विचार कोणी करत नाही. तो फवारलेल्या पऱ्हाटीतून (कपाशीतून) फिरून येतो, अंगाला आणि पंजांना औषध लागलेले असते, मग स्वतः चाटतो आणि लेकरू त्याला मिठी मारून तेच हात तोंडात घालते. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत भुऱ्या घरीच बांधलेला असतो, आणि कधी निसटलाच तर हातमोजे घालून साबणाने अंघोळ घातल्याशिवाय लेकरांना त्याच्याजवळ जाऊ देत नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. गोचीड झाले की गावात सर्रास पिकावरचेच औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळतात. कृपा करून ते करू नका. कुत्रा मरतो आणि लेकरालाही बाधते. गोचिडांचे वेगळे औषध मिळते, ते डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे घ्यावे.

रोखठोक_अकोला

मी थोडे विरोधात लिहितो, राग मानू नये. या देशात ऑटिझम असलेल्या मुलाला आधी गरज असते ती नियमित थेरपीची, आणि खेड्यात तीच मिळत नाही. जे पैसे आणि जो वेळ कुत्र्यावर जाईल तो थेरपीच्या फेऱ्या वाढवण्यासाठी का वापरू नये? ताईंनी २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार मुलाचे प्रमाणपत्र काढले आहे का? राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत ऑटिझमचा समावेश आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत धरलेला आहे. आमच्या ओळखीत ज्यांच्या घरी अशी मुले आहेत, त्यांतल्या निम्म्या लोकांना या योजनेचे नावही माहीत नाही, पण लॅब्राडोरच्या चित्रफिती मात्र सगळ्यांनी पाहिलेल्या असतात.

शिवाय चावण्याचे काय? लहान मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा चावतो, आणि मूल ठेंगणे असल्यामुळे चावा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर बसतो. मोठ्या माणसाच्या पोटरीला चावणे आणि तीन वर्षांच्या मुलीच्या गालाला चावणे यांत फार फरक आहे.

वाचा_उपचार_नागपूर

रोखठोक यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. क्रम तोच असावा : प्रमाणपत्र, निरामय, थेरपी, आणि त्यानंतर, घराला झेपत असेल तर, कुत्रा. फक्त एक बाजू जोडतो. आठवड्याच्या फेऱ्या वाढवायच्या म्हटल्या तरी गावाहून शहरात जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, मूल थकून जाते आणि आईची त्या दिवसाची मजुरी किंवा नोकरी बुडते. म्हणून खेड्यातल्या मुलांसाठी घरी काय घडते याला शहरापेक्षा जास्त वजन आहे. सकाळी कुत्र्याच्या भांड्यात पाणी ओतणे, त्याला भाकर मोडून देणे, ब्रश फिरवणे, संध्याकाळी साखळी धरून धुऱ्यापर्यंत चालत जाणे, या चार कामांत पाळी धरून थांबणे, क्रम पाळणे, बोटांचा जोर सांभाळणे आणि शब्द वापरणे हे सगळे येते. हीच कामे शेळीच्या करडाबरोबरही करता येतात, आणि कुत्रा नकोच असे घरात ठरले तर मी खरोखरच करडू सुचवीन. ते लाडिक असते, चावत नाही आणि सासूबाईंनाही चालेल.

सिंदेवाहीकर

आमच्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. वर्धा-यवतमाळचे लोक लिहीत आहेत, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, चिमूर या पट्ट्यात कुत्रा पाळणे म्हणजे बिबट्याला आवतण देणे होऊ शकते. बिबट्याला कुत्रा आवडतो, ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. तोही उसाच्या मुलखात, जिथे मोठे जंगल नाही.

याचा लेकरांशी संबंध असा की कुत्रा अंगणात बांधला, तर रात्री बिबट्या अंगणात येतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडची लेकरे अंगणातच खाटेवर झोपलेली असतात. त्यामुळे जंगलाला लागून घर असेल तर कुत्रा अंधार पडण्याआधी दाराआड गेलाच पाहिजे, त्याचे उष्टे अन्न बाहेर राहता कामा नये आणि लेकरांची खाट बाहेर टाकता कामा नये. ज्यांना कुत्रा घरात घेणे मान्य नाही, त्यांनी या भागात तो पाळूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळूनही जाता येत नाही.

दारव्ह्याची_आजी

ताई, तुमच्या सासूबाईंच्या वयाची मी आहे, म्हणून त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहिते. आमच्या पिढीने कुत्र्याला भाकर टाकली, पण चौकटीच्या आत घेतले नाही. देवघर, चूल आणि पाण्याची घागर यांच्यापाशी कुत्रा फिरणे आम्हाला सहन होत नाही, आणि ‘ते तर नातवाच्या इलाजासाठी आहे’ असे सांगून आम्हाला गप्प बसवले तर मनात अढी राहते. ती अढी मग त्या मुक्या जनावरावर निघते.

आमच्या सुनेने माझ्याशी भांडण न करता जागा वाटून घेतली. छपरी आणि मधली खोली कुत्र्याची, स्वयंपाकघर आणि देवघर माझे. दोन्हींच्या मध्ये नातवाने आडवी फळी लावली आहे आणि कुत्र्यालाही ती पाठ झाली आहे. घरात सडा-सारवण होते तिथून तो हलतो, सारवण वाळले की परत येतो. त्याचे ताट वेगळे, धुण्याची जागा वेगळी, आणि त्याला हात लावल्यावर लेकरांनी साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाही हा नियम मी स्वतः लावला आहे, त्यामुळे तो पाळला जातो की नाही हे पाहण्यात माझा वेळ बरा जातो. सासूबाईंना नियम मोडणारी बाई समजण्याऐवजी नियम सांभाळणारी बाई करून पाहा.

धामकाठची_ताई

सर्वांचे मनापासून आभार. दिव्यांग प्रमाणपत्र काढलेले आहे; ‘निरामय’चे नाव मात्र खरोखरच पहिल्यांदा ऐकले, त्याची चौकशी सुरू केली आहे. आजींचे म्हणणे सासूबाईंना वाचून दाखवले. त्या एवढेच म्हणाल्या की “फळी लावायची तर मला विचारून लावा,” आणि आमच्या घरात याला होकार म्हणतात.

पिल्लाचा विचार सोडला आहे. दुसरे असे सुचले की माझ्या भासऱ्यांकडे (मोठ्या दिरांकडे) वावरातल्या झोपडीवर एक गावठी कुत्री आहे. साधारण दोन वर्षांची असावी, सालदाराच्या लेकरांत वाढलेली आहे आणि आवाज न करता बसून राहणारी आहे. तिला घरी आणता येईल का, आणि आणण्याआधी काय पाहावे? दुसरा प्रश्न मुलाचा. तो कधी कधी काही न सांगता घराबाहेर चालायला लागतो आणि आमच्या मागच्या वाडीपलीकडे कठडा नसलेली विहीर आहे. परदेशात अशा मुलांच्या कमरेला पट्टा लावून तो कुत्र्याला जोडतात असे ह्यांनी वाचले आहे. ते इथे करता येईल का?

वाचा_उपचार_नागपूर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. ते करू नका. परदेशात ते काम करणारे कुत्रे वेगळ्या प्रकारचे असतात. त्यांना सहाय्यक कुत्रे म्हणतात, एकाच व्यक्तीसाठी त्यांना दीर्घकाळ तयार केलेले असते, आणि ऑटिझम असलेल्या मुलांसाठी अशी तयारी कॅनडामध्ये १९९० च्या दशकात सुरू झाली. तिथेही कुत्र्याच्या साखळीचे दुसरे टोक मोठ्या माणसाच्या हातात असते. तयारी नसलेल्या कुत्रीला लेकरू बांधले आणि समोरून ससा गेला तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. विहिरीला जाळी किंवा कठडा, वाडीच्या फाटकाला उंचावर कडी आणि दाराला घुंगरू, हे या आठवड्यात करा. कुत्रीचा विषय त्यानंतर.

गुरांचा_डॉक्टर

भासऱ्यांची कुत्री हा चांगला पर्याय वाटतो. वय बरोबर आहे, ती लेकरांत वाढली आहे आणि तुम्हाला तिचा स्वभाव आणण्याआधी पाहता येतो, जे पिल्लाच्या बाबतीत शक्य नसते. आधी तुम्ही दोघांनीच वावरात जाऊन तिच्याजवळ बसा, लेकरांना नेऊ नका. ती खात असताना तिच्या भांड्याजवळून चाला. अंग ताठ करून भराभरा गिळू लागली किंवा गुरगुरली, तर लहान लेकरांच्या घरासाठी ती नाही. मागे एखादा डबा आपटून पाहा. तिच्या पंजाला, कानाला, शेपटीला हळूच हात लावून पाहा. तिने मान वळवली आणि निघून गेली तर ते चांगले लक्षण समजा, कारण नको असेल तेव्हा निघून जाणारी कुत्री चावण्यापर्यंत सहसा येत नाही. जिला निघून जायला जागा ठेवलेली नसते ती चावते.

धाकटीच्या बाबतीत एकच नियम पुरेसा आहे, पण तो कडक आहे : मोठ्या माणसाच्या नजरेआड ती आणि कुत्री एका खोलीत राहणार नाहीत, पाच मिनिटेही नाही. कुत्रीला गोणपाटाची एक जागा द्या. तिथे ती जाऊन बसली की तिला कोणीही हात लावायचा नाही, हे धाकटीला बाहुलीचा खेळ करून शिकवा. तीन वर्षांचे मूल नियम विसरते, म्हणून ती जागा शक्यतो फळीच्या पलीकडे असू द्या. आणि घरातल्या मोठ्यांनी कुत्रीची खूण वाचायला शिकावे : झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, तोंड फिरवणे. यांपैकी काही दिसले की लेकराला उचला. गुरगुरली म्हणून तिला मारू नका. मारले तर ती पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

लसीकरणाचे असे. रेबीजची लस घरी आणण्याआधीच द्या आणि पुढे दरवर्षी चुकवू नका. कागद जपून ठेवा. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी द्या, कारण कुत्र्याच्या विष्ठेतली जंताची अंडी मातीत मिसळतात आणि लेकरे अंगणातल्या मातीतच खेळतात. गावात बकरा कापला की त्याची आतडी, फुप्फुसे, काळीज कुत्र्यांपुढे फेकतात, ते तिला मिळू देऊ नका. त्यातून कुत्र्याला होणारा एक फीतकृमी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी करतो. खाण्यात भाकर, ताक, उकडलेले अंडे चालेल; कांदा-लसणाची फोडणी दिलेले वरण किंवा रस्सा नको, मनुका आणि चॉकलेट तर मुळीच नको.

एवढे करूनही चावलीच किंवा नख लागून रक्त आले, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कातडीत द्यायच्या लसीचे डोस पहिल्या, म्हणजे शून्य दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. जखम खोल किंवा चेहऱ्यावर असेल तर त्यासोबत जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शन लागते, ते सगळीकडे उपलब्ध नसते, म्हणून मोठ्या रुग्णालयाची तयारी ठेवा. आपलीच कुत्री आहे, लस दिलेली आहे, असे म्हणून घरी बसू नये. काय करायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

धामकाठची_ताई

डॉक्टरसाहेब, आम्ही दोघे जाऊन बसून आलो. भांड्याजवळून गेलो तरी तिने मान वर केली नाही, डबा आपटल्यावर उठली आणि हुंगायला आली. शेपटीला हात लावलेला तिला आवडला नाही. उठून पऱ्हाट्यांच्या गंजीमागे जाऊन बसली. विहिरीवर जाळी टाकायला वेल्डिंगवाल्याला सांगितले आहे. ते झाले की तिला आणू. शेवटची शंका अशी, की ती मादी असल्यामुळे गावातले कुत्रे दारात गोळा होतील असे सासूबाई म्हणतात. त्याला काय करावे?

गुरांचा_डॉक्टर

सासूबाई बरोबर सांगतात, आणि लेकरांच्या दृष्टीने तो धोकाच आहे, कारण त्या दिवसांत दारात येणारे कुत्रे आपसांत भांडतात आणि त्यांच्यापैकी कोणाला लस दिलेली असेल याची खात्री नसते. शिवाय पिल्ले झाल्यावर शांत कुत्रीही जवळ येणाऱ्याला चावते. तिची नसबंदी करून घ्या. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. तिथे सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात होईल. आणण्याच्या आधी, ती वावरात असतानाच केलेली बरी, म्हणजे टाके भरेपर्यंतचे दहा-बारा दिवस ती लेकरांपासून आपोआप लांब राहील. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून तिला खायला देऊ नका, आणि त्याच फेरीत रेबीजची लस, जंताचे औषध आणि गोचिडांची तपासणी एकदमच उरकून घेता येईल का, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.